पोस्टर घरच्या घरी : आधी माप, मग रंग

कोजागिरी झाली, की सोसायटीच्या आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटांवर फराळाच्या जाहिराती सुरू होतात. चकली, शेव, अनारसे, भाजणीचं पीठ. कुणी उटणं करून विकतं, कुणी रुखवताचं सामान, कुणी ब्लाउजवर आरीकाम. पूर्वी या गोष्टी हळदीकुंकवाला चार बायकांत बोलून व्हायच्या, फार तर कोपऱ्यावरच्या वाण्याच्या फळ्यावर खडूनं लिहून. आता पहिला प्रश्न येतो, "पोस्टर टाकलंस का?" आणि पोस्टर म्हटलं, की आपल्यापैकी बऱ्याचजणी मोबाइल मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या हातात देऊन मोकळ्या होतात. तो बिचारा अभ्यासातून उठून दहा मिनिटांत काहीतरी करून देतो. झेंडूची तोरणं, पणत्या, चार रंगांची अक्षरं, मागे सोनेरी झळाळी. दिसायला छान! फक्त फोन नंबर वाचता येत नाही.

हसण्यावारी नेण्याचा हा विषय नाही. जिथे दिवाळीच्या तीन आठवड्यांच्या ऑर्डरींवर मुलीच्या क्लासची फी ठरते, तिथे न वाचता येणारा नंबर म्हणजे शेजारणीकडे गेलेलं गिऱ्हाईक. बचत गटाच्या बायका काटकसरीनं पैसे बाजूला काढून प्रदर्शनासाठी फ्लेक्स छापून घेतात, आणि तो धूसर, डोळे आल्यासारखा दिसतो. छपाईवाला खांदे उडवून म्हणतो, "ताई, तुमची फाइलच तशी होती." राग येतो, पण बहुतेक वेळा त्याचं म्हणणं खरं असतं. छापून झालेला फ्लेक्स तो परत घेत नाही, हेही खरंच.

म्हणून सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हा प्रश्न मी दुसरा धरते. पहिला प्रश्न असा, की हे पोस्टर कुठे दिसणार? मोबाइलवर, कागदावर, की भिंतीवरच्या फ्लेक्सवर? पोळपाट किती मोठा हे बघितल्याशिवाय आपण उंडा घेत नाही, त्यातलाच हा प्रकार.

ठिपक्यांची रांगोळी

मोबाइलवरचं कोणतंही चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. चित्र १०८० बाय १०८० आहे म्हणजे आडवे १०८० ठिपके आणि उभे १०८०. हीच रांगोळी बोटभर जागेत काढली तर ठिपके जवळजवळ येतात आणि रेघ सलग दिसते. तेवढेच ठिपके अख्ख्या अंगणभर पसरले तर नुसते ठिपकेच दिसतात. अंगण मोठं झालं म्हणून ठिपके काही आपोआप वाढत नाहीत. सगळी गोम इथे आहे.

छपाईत एका इंचात किती ठिपके, यावर सगळा हिशोब चालतो. त्याला डीपीआय म्हणतात. हातात धरून वाचायच्या कागदाला ३०० लागतात. आता व्हॉट्सॲपसाठी केलेलं १०८० रुंदीचं पोस्टर ३०० नं भागा. साडेतीन इंचांच्या जरा वर, म्हणजे लग्नपत्रिकेपेक्षाही लहान. तेच पोस्टर एफोर कागदावर, म्हणजे झेरॉक्सच्या नेहमीच्या कागदावर ताणलं, तर इंचाला १३० च्या आसपास ठिपके उरतात. चालून जातं, पण बारीक अक्षरांच्या कडा खरबरीत होतात. आणि सहा फुटी फ्लेक्सवर ताणलं तर इंचाला फक्त १५! एकेक ठिपका खसखशीच्या दाण्यापेक्षा मोठा. मग धूसर नाही दिसणार तर काय?

तेव्हा नवीन पोस्टर उघडतानाच माप घाला. स्टेटससाठी उभं, १०८० बाय १९२० पिक्सेल. गटावर टाकायला चौकोनी १०८० बाय १०८०, किंवा इन्स्टाग्रामला शोभेल असं जरा उभट १०८० बाय १३५०. कागदासाठी एफोर, २१० बाय २९७ मिलिमीटर. ३०० डीपीआयनं त्याचे २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात. वाटायच्या छोट्या पत्रकाला त्याचा अर्धा, एफाइव्ह, १४८ बाय २१० मिलिमीटर. फ्लेक्सला मात्र ३०० चा हट्ट धरू नका. तो लांबून बघायचा असतो, इंचाला ७२ ते १०० ठिपके पुष्कळ झाले. सहा बाय तीन फुटांना ७२ नं ५१८४ बाय २५९२ पिक्सेल होतात. तिथे ३०० लावलं तर फाइल इतकी जड होते, की आपला मोबाइल मान टाकतो.

मोठं माप लहान करता येतं, लहान माप मोठं करता येत नाही. साडीतून ब्लाउजपीस निघतो, ब्लाउजपिसातून साडी निघत नाही! म्हणून एकच मजकूर मोबाइलवरही पाठवायचा आणि छापायचाही असेल, तर आधी छपाईचं करावं आणि मग त्याचं मोबाइलसाठी धाकटं रूप काढावं. तेही नुसतं बारीक करून नव्हे. भिंतीवर शोभणारा बारा ओळींचा मजकूर मोबाइलवर कुणी वाचत नाही. तिथे पदार्थ, भाव, शेवटची तारीख आणि नंबर एवढंच ठेवावं.

कोणतं सॉफ्टवेअर?

बहुतेकजणींना मोबाइलवरचं कॅनव्हा पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१३ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर फुकटातही बरंच काही देतं. तयार नमुने असतात, अक्षरं बोटानं सरकवता येतात, माप सेंटिमीटरमध्ये घालता येतं. इंटरनेट लागतं, हे ध्यानात असू द्या. ज्या चित्रावर मुकुटाची खूण दिसेल ते विकतचं. हौसेनं तेच निवडून, दोन तास खपून, शेवटी पैसे मागितले की चिडचीड होते; त्यापेक्षा मुकुट दिसला की पुढे सरकावं. आणखी एक. तयार नमुना जसाच्या तसा उचलू नका. एकाच गटावर तीन बायकांचं पोस्टर एकसारखं दिसलं, तर गिऱ्हाईक चकलीसुद्धा एकसारखीच समजणार.

पिक्सेललॅब हे अँड्रॉइड मोबाइलवरचं ॲप अक्षरांच्या सजावटीसाठी आपल्याकडे पुष्कळ वापरतात. मराठी फॉण्ट बाहेरून आणून त्यात घालता येतात, ही त्याची मोठी सोय. पण सावल्या, चमक, उठाव असल्या मोहात पाडणाऱ्या गोष्टीही त्यात भरपूर. अक्षराला एक सावली पुरे. दोन झाल्या की अक्षर हललेलं वाटतं.

मुलांच्या अभ्यासासाठी घरात लॅपटॉप आला असेल, तर त्यातलं पॉवरपॉइंट किंवा फुकट मिळणारं लिबरऑफिस इम्प्रेस यांना कमी लेखू नका. पानाचं माप एफोर करायचं, मजकूर मांडायचा आणि पीडीएफ काढायची. साध्या सूचनेला, हळदीकुंकवाच्या आमंत्रणाला एवढं चांगलं चालतं. फोटोशॉप (१९९०) आणि कोरलड्रॉ (१९८९) ही छपाईच्या धंद्यातली जुनी खोडं. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांत कोरल असतंच. दोन्ही पैसे मोजून घ्यायची. वर्षातून दोन पोस्टरं करायला ती विकत घेणं म्हणजे पापडाच्या दोन लाटीसाठी गिरणी टाकण्यासारखं आहे. चोरून भरलेली प्रत तर नकोच, तिच्यातून कोणते विषाणू लॅपटॉपात येतील याचा भरवसा नाही.

मात्र दुसऱ्यांची पोस्टरं करून चार पैसे मिळवायचा विचार असेल, तर मी सांगेन, इंकस्केप शिका. तेही फुकट आहे. त्याच्यातलं काम ठिपक्यांनी होत नाही, मापानं होतं. शिंपीणबाईंकडे कटिंगचं सूत्र असतं. छाती बत्तीस असो की चाळीस, त्याच सूत्रावर बेतता येतं आणि कापड ताणावं लागत नाही. तसंच या प्रकारच्या चित्राचं, ज्याला व्हेक्टर म्हणतात. बोटाएवढं चिन्ह दुकानाच्या पाटीएवढं केलं तरी कड कोरीवच राहते. गटाचं बोधचिन्ह करायचं तर याच्यातच करावं. फोटोवर काम करायला त्याच्या जोडीला गिम्प आहे, तेही फुकट. दोन्हींची सवय व्हायला महिना-दोन महिने जातात, पहिल्या दिवशी रडू येतं, पण मग हात बसतो.

पुऱ्यांची परीक्षा

आता आपल्या मराठीच्या दुखण्याकडे येऊ. सॉफ्टवेअर इंग्रजीत कितीही हुशार असलं, तरी त्याला जोडाक्षरं कळतातच असं नाही. र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, 'श्री'चे दोन तुकडे होतात, 'विठ्ठल' पाय मोडून पडतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत हे हमखास व्हायचं. तिथे अक्षरांच्या सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय मुद्दाम निवडावा लागे. गिम्प आणि इंकस्केप या बाबतीत शहाणी आहेत.

माझी एक साधी परीक्षा आहे. नवं सॉफ्टवेअर किंवा नवा फॉण्ट हाती आला, की आधी पाच शब्द टाइप करायचे. महाराष्ट्र, विठ्ठल, शुद्ध, ज्ञानेश्वरी आणि पुऱ्या. यातला शेवटचा सगळ्यात अवघड. 'पुऱ्या'तला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र मराठीचं वैशिष्ट्य आहे. हिंदीकडे बघून केलेल्या फॉण्टमध्ये तो नीट येईलच याची खात्री नसते. पुऱ्या जमल्या, की बाकी सगळं जमतं. त्यासोबत ₹ हे चिन्हही टाइप करून बघा. ते २०१० साली ठरलं, त्यामुळे त्याआधीच्या फॉण्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन येतो, आणि भावाच्या ठिकाणी चौकोन असलेली जाहिरात काय कामाची?

फॉण्टसाठी पैसे खर्च करायची गरज नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे दोन फॉण्ट गुगलवर फुकट आहेत. 'मुक्त' साधा आणि सुटसुटीत, बारीक मजकुराला उत्तम. 'बालू' गुबगुबीत, मथळ्याला छान. 'टिरो देवनागरी मराठी' थोडा ग्रंथातल्या वळणाचा आहे. त्यातला ल आणि श अस्सल मराठी वळणाचे आहेत, पत्रिकेला फार शोभून दिसतो. विंडोजवर येणारा 'मंगल' आर. के. जोशी या आपल्या थोर अक्षरकारांनी केला. पण तो पडद्यावर वाचायच्या कामाचा, त्याला पोस्टरवर नटवू नये. एका पोस्टरवर फॉण्ट दोनच, एक मथळ्याला आणि एक बाकी सगळ्याला.

अक्षराचा आकार इंग्रजीपेक्षा जरा मोठाच घ्यावा. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो, त्यामुळे दिलेल्या आकारात मूळ अक्षराच्या वाट्याला जागा कमी येते. १०८० रुंदीच्या पोस्टरवर सर्वांत बारीक अक्षर ४० च्या खाली नेऊ नका, फोन नंबर तर ७०-८० च्या घरात हवा. फ्लेक्सला जुना ठोकताळा असा, की दहा फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षर इंचभर उंच, तीस फुटांवरून तीन इंच. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पंचवीस शुभेच्छुकांचे चेहरे असतात आणि ज्याचा वाढदिवस त्याचंच नाव शोधावं लागतं, ते या हिशोबाकडे कुणी बघत नाही म्हणून!

रंग, फोटो आणि फाइल

पडद्यावरचा रंग उजेडाचा असतो, लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे मिळून झालेला. कागदावरचा रंग शाईचा असतो, आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी. उजेडाची झळाळी शाईत येत नाही. झगमगीत पोपटी छापल्यावर मलूल होतो, भडक निळा जांभळट होतो, केशरीही जरा बसतो. म्हणून छापायच्या पोस्टरला मोबाइलवर बघून चमकदार रंग निवडू नका. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, गडद हिरवा हे कागदावर बरे उतरतात. छपाईवाले 'सीएमवायके' म्हणतात ते या चार शायांनाच. कॅनव्हाच्या फुकट आवृत्तीत तो पर्याय मिळत नाही, पण त्यासाठी अडून बसू नये. दुकानात बदल करून घेता येतो, फक्त मोठं काम टाकण्याआधी एक छोटी प्रत काढून रंग बघायचा.

पिवळ्यावर पांढरं आणि लालवर हिरवं लिहू नये. ओळखायची युक्ती सांगते. पोस्टर तयार झालं, की मोबाइलच्या फोटो-दुरुस्तीत जाऊन ते काळं-पांढरं करून बघा. अक्षरं मागच्या रंगात बुडाली, तर ती उन्हात उभ्या असलेल्या माणसालाही दिसणार नाहीत.

पदार्थाचा फोटो गुगलवरून उचलू नका. एक तर तो कुणाच्या तरी मालकीचा असतो, आणि दुसरं म्हणजे फोटोत एक चकली आणि डब्यात दुसरी, असं झालं की गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही. आपल्याच चकल्या स्टीलच्या नव्हे, मातीच्या किंवा पितळी ताटलीत मांडा. स्टील चमकतं आणि फोटोत पांढरे डाग येतात. सकाळी खिडकीजवळ उजेड बाजूनं येईल असं ताट ठेवा, स्वयंपाकघरातला दिवा बंद करा, पदरानं मोबाइलची काच पुसा (तिला फोडणीचा हात लागलेला असतोच), आणि झूम न करता जवळ जाऊन फोटो घ्या. १२ मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्यातून ४००० बाय ३००० ठिपके मिळतात, एफोर कागदाला ते भरपूर. पण तोच फोटो बहिणीला व्हॉट्सॲपवर पाठवून तिच्याकडून परत मागवला, तर तो बारीक होऊन येतो.

कारण व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याला आवळतं. लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणून ठेवतं. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, त्यात जरा बरं जातं, पण आवळतं तेही. छपाईवाल्याला पाठवायची फाइल फोटो म्हणून कधीच पाठवू नका. जोडणीच्या खुणेवर दाबून 'डॉक्युमेंट' निवडा आणि त्यातून पाठवा, म्हणजे जशीच्या तशी पोचते. धूसर फ्लेक्सच्या निम्म्या तक्रारी इथेच जन्म घेतात, असं मला वाटतं.

फाइल कशात काढायची? अक्षरं जास्त आणि सपाट रंग असतील तर पीएनजी. तिच्यात काही गळत नाही. फोटो मोठा असेल तर जेपीजी, दर्जा ८० ते ९० च्या मध्ये. जेपीजी पुन्हा पुन्हा उघडून साठवली, की दर वेळी थोडी उतरते, दुधात पाणी घालत गेल्यासारखी. म्हणून मूळ पोस्टर सॉफ्टवेअरमध्ये राखून ठेवा, बदल तिथेच करा. छपाईला मात्र पीडीएफ. तिच्यात अक्षरं सहसा व्हेक्टरच राहतात आणि मोठी केली तरी फाटत नाहीत. चारी बाजूंनी मागचा रंग ३ मिलिमीटर जास्त सोडा, कारण कागद कापताना सुरी थोडी इकडेतिकडे होते. आणि मजकूर काठापासून निदान एक सेंटिमीटर आत ठेवा.

पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड घालणार असाल, तर तो पांढऱ्यावर काळाच राहू द्या, भोवती पांढरी जागा सोडा, रुंदी दोन सेंटिमीटरच्या खाली नको, आणि ताणून लांबट करू नका. मोबाइलवर आलेल्या पोस्टरमधला कोड त्याच मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे कसा धरायचा? म्हणून नंबर अंकांतही लिहाच.

हल्ली एआयला सांगितलं की चित्र काढून मिळतं. पणत्या, तोरण, मागची नक्षी यासाठी खुशाल घ्या. मराठी मजकूर मात्र स्वतः टाइप करा. ते चित्र काढताना अक्षरंही चित्रासारखीच रेखाटतं, आणि 'अनारसे'चं काहीतरी भलतंच होऊन बसतं. लांबून बरोबर वाटतं, म्हणून तर जास्त घातक.

दुकानात गेल्यावर

बऱ्याच डीटीपीच्या दुकानांत अजून युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे मराठी फॉण्ट वापरात असतात. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर तिथे चिकटवला तर नुसत्या खुणा उमटतात, म्हणून ऑपरेटर तो पुन्हा टाइप करतो. पुन्हा टाइप झालं की चुका आल्या. आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या पत्रकात 'साजूक'चं 'नाजूक' झालं ते असंच. नाजूक तुपातले लाडू म्हणून आळीत वर्षभर चेष्टा चालली होती. सगळं घरी करून पीडीएफ नेली तर हा धोका टळतो. पुन्हा टाइप करावंच लागलं, तर पडद्यावर बघून "हो, ठीक आहे" म्हणू नका. साध्या कागदावर एक प्रत काढून घ्या आणि नंबर शेवटच्या आकड्याकडून उलटा वाचा. उलटं वाचताना डोळा घाईनं पुढे पळत नाही. त्याहून खात्रीचं हवं असेल, तर दुकानात उभ्या उभ्या त्या प्रतीवरचा नंबर बघून फोन लावा. पर्समध्ये घंटी वाजली, की छापायला सांगा.

फ्लेक्स रस्त्यावर किंवा चौकात लावायचा असेल तर नगरपालिकेची परवानगी लागते. आपल्याच इमारतीच्या फाटकाच्या आत, सोसायटीला विचारून लावलेला बरा. तिथे नेहमी येणारी-जाणारी माणसं असतात, आणि ती वाचायला थांबतातही.